एअरलाइन पॉइंट्स: साठवायचे कधी, उडवायचे कधी

एअरलाइन पॉइंट्सवर व्याज मिळत नाही. ते छापणारी, त्यांचा दर ठरवणारी आणि नियम बदलणारी कंपनी एकच असते, आणि यातलं काहीही खातेदाराला विचारून होत नाही. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हान्टेज योजना सुरू केली, तेव्हा हेतू साधा होता: नेहमीच्या प्रवाशानं दुसऱ्याच्या विमानात बसू नये. आज पॉइंट्सचा मोठा वाटा प्रवासातून नव्हे, तर क्रेडिट कार्डांतून येतो. एअरलाइन्स ते बँकांना घाऊक विकतात. हा धंदा केवढा आहे ते 2020 मध्ये दिसलं. विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडनं आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं.

पॉइंट्स असे भराभर तयार होतात, रिकाम्या सीट्स मात्र त्या वेगानं वाढत नाहीत. म्हणून तिकिटांचे पॉइंट्समधले दर चढत राहतात. त्यामुळे खर्च करणं हा नियम आणि साठवणं हा अपवाद धरावा. अपवादाला कारण लागतं, आणि ते कारण पुरेसं आहे का हे आकड्यांनी तपासता येतं. कसं, ते पुढे क्रमानं दिलं आहे. उदाहरणांतल्या रकमांना चलन मुद्दाम जोडलेलं नाही. आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत.

1. खात्यात काय आहे आणि ते कधी संपतंय

एक तक्ता करा. प्रत्येक योजनेसमोर पाच गोष्टी लिहा: शिल्लक, एक्स्पायरीचा प्रकार, सर्वांत जवळची तारीख, त्या तारखेला जाणारे पॉइंट्स, आणि हे पॉइंट्स दुसरीकडे हलवता येतात का. घरातल्या सगळ्यांची खाती याच तक्त्यात घ्या. चार खात्यांत विखुरलेले पॉइंट्स एकेकट्यानं कुठल्याच तिकिटाला पुरत नाहीत, पण योजनेत कुटुंबाचं सामायिक खातं असेल तर तेच एकत्र येऊन एक तिकीट होतं.

एक्स्पायरीचे प्रकार तीन, आणि लोकांची गफलत इथंच सर्वांत जास्त होते. पहिल्या प्रकारात मुदत हालचालीवर चालते. अमेरिकनच्या योजनेत 24 महिने आणि ब्रिटिश एअरवेजच्या ॲव्हिऑसमध्ये 36 महिने खात्यात काहीच घडलं नाही, तर शिल्लक जाते. मधे एक छोटी जमा किंवा खर्च झाला की सगळ्या शिलकीची मुदत नव्यानं सुरू होते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पॉइंट जन्माला येतानाच आपली तारीख घेऊन येतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये किंवा जपानच्या एएनएमध्ये ती साधारण 36 महिन्यांची असते. इथं कितीही हालचाल केली तरी जुन्या पॉइंट्सची तारीख हलत नाही. तिसऱ्या प्रकारात मुदतच नाही. डेल्टा आणि युनायटेड या गटात येतात.

पहिल्या प्रकारच्या खात्याला जिवंत ठेवणं सोपं असतं. बँकेच्या कार्डावरून किमान मर्यादेएवढे, बहुतेक ठिकाणी 1,000, पॉइंट्स हलवले तरी चालतं. योजनेच्या भागीदार दुकानांतून खरेदी केली तरी चालते, पण ते पॉइंट्स जमा व्हायला काही आठवडे लागतात आणि बऱ्याच योजना खरेदीची नाही, जमा झाल्याची तारीख धरतात. म्हणून हे काम मुदतीच्या निदान दोन महिने आधी उरका. घरातल्या घरात केलेली पॉइंट्सची अदलाबदल हालचाल म्हणून धरली जाईलच असं नाही. नियमांत ते वाक्य शोधा.

दुसऱ्या प्रकारात एक दिलासा असतो. बहुतेक योजनांत मुदतीआधी तिकीट काढलं की पुरतं, प्रवास नंतरचा चालतो. पण ते तिकीट पुढे रद्द केलं आणि तोवर मूळ पॉइंट्सची तारीख उलटून गेली असेल, तर परत काहीच येत नाही. वाचवायला म्हणून काढलेलं तिकीट रद्द करताना हीच अट नडते.

2. योजना कोणत्या जातीची आहे

पॉइंट्स साठवण्यात मुळात काही अर्थ आहे का, हे योजनेच्या जातीवर ठरतं. काही योजना छापील तक्त्यावर चालतात: अमुक अंतराला किंवा अमुक विभागांमधल्या प्रवासाला इतके माइल्स (पॉइंट्सचंच दुसरं नाव), फार तर गर्दीच्या आणि बिगरगर्दीच्या दिवसांचे दोन दर. काहींमध्ये पॉइंट थेट भाड्याशी बांधलेला असतो. अमेरिकेतल्या साउथवेस्टची योजना 2025 पर्यंत याच पठडीतली होती. भाडं दुप्पट झालं की पॉइंट्सही जवळपास दुप्पट. तिसऱ्या जातीत तक्ताच नसतो आणि संगणक दाखवेल तो दर. डेल्टानं 2015 मध्ये तक्ते काढून टाकले, युनायटेडनं 15 नोव्हेंबर 2019 पासून.

आपली योजना कोणती हे जाहिरातीतून कळत नाही, पण वीस मिनिटांत तपासता येतं. नेहमीचा एक मार्ग घ्या आणि पाच तारखा पाहा: एक अगदी स्वस्त वार, एक महागडा वार, एक मोठ्या सुट्टीचा दिवस, दोन आठवड्यांनंतरची एक तारीख आणि दहा महिन्यांनंतरची एक. प्रत्येक तारखेला रोख भाडं आणि लागणारे पॉइंट्स लिहा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. पाचही उत्तरं जवळपास सारखी आली तर पॉइंट भाड्याशी बांधलेला आहे. पॉइंट्सचे आकडे दोन-तीन ठरावीक पायऱ्यांवरच फिरले तर तक्ता आहे. दोन्ही आकडे आपापल्या वाटेनं उड्या मारत असतील तर तिसरी जात.

भाड्याशी बांधलेल्या योजनेत वाट पाहून हाती काही लागत नाही. पॉइंटचं मोल आज जे, तेच सुट्टीत आणि तेच ऐनवेळी. तिथं पुढचं जे तिकीट काढायचं असेल त्यावर पॉइंट्स लावा आणि विषय संपवा. तक्त्याच्या योजनेत मात्र नेमका दिवस निवडण्याला किंमत आहे: सेलमधलं तिकीट रोखीनं घ्यायचं आणि भाडं कडाडलेल्या दिवशी पॉइंट्स वापरायचे. तिसऱ्या जातीत संधी अधूनमधून येते, दिसली की लगेच पकडावी लागते, आणि तिच्या आशेवर वर्षानुवर्षं साठवणं फारसं शहाणपणाचं नाही.

3. एका पॉइंटचं खरं मोल काढणं

सूत्र असं: रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर (म्हणजे पॉइंट्स देऊन काढलेल्या तिकिटावर) भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. पण भागताना पॉइंट्समध्ये आणखी एक आकडा मिळवा: तेच तिकीट रोखीनं घेतलं असतं तर जे पॉइंट्स मिळाले असते ते. अवॉर्ड तिकिटावर सहसा नवे पॉइंट्स मिळत नाहीत, म्हणजे तेही आपण खर्चच करत असतो. लोक हा आकडा हमखास विसरतात.

तीन तिकिटं घेऊन पाहू. पहिलं जवळच्या प्रवासाचं. रोख भाडं 9,600, अवॉर्डवर कर 1,200, पॉइंट्स 8,000, आणि रोखीवर मिळाले असते 400. म्हणजे 8,400 भागिले 8,400, मोल 1.00.

दुसरं लांब पल्ल्याचं, इकॉनॉमीचं. भाडं 68,000, कर आणि सरचार्ज मिळून 22,000, पॉइंट्स 35,000, रोखीवर मिळणारे 5,000. 46,000 भागिले 40,000, मोल 1.15. सरचार्ज नसता तर हेच मोल बरंच वर गेलं असतं, त्याकडे पुढे येऊ.

तिसरं त्याच मार्गाचं, बिझनेस क्लासचं. भाडं 2,10,000, कर 26,000, पॉइंट्स 70,000. घाईनं भागाकार केला तर 2.63 येतात आणि माणूस खुश होतो. पण हे तिकीट तुम्ही 2,10,000 देऊन कधी काढलं असतं का? बहुतेकांचं उत्तर नाही असं असतं. मग स्वतःला विचारा: इकॉनॉमीचे 68,000 तर जाणारच होते, रात्रभर आडवं झोपून जायला वर किती दिले असते? समजा 42,000. म्हणजे तुमच्या लेखी या सीटची किंमत 1,10,000. त्यातून 26,000 वजा, उरले 84,000. इकॉनॉमीच्या तिकिटावर मिळाले असते ते 5,000 पॉइंट्स धरून भागायचं 75,000 नी. मोल 1.12. म्हणजे दुसऱ्या तिकिटापेक्षा कणभर कमीच. बिझनेस क्लास वाईट, असा याचा अर्थ नाही. पॉइंट्स साठवत राहण्याचं कारण म्हणून 2.63 पुढे करता येत नाही, एवढंच.

भाड्याचा आकडा लिहिताना दोन ठिकाणी चूक होते. लांबच्या प्रवासात एकेरी तिकीट पुष्कळदा जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. ते एकेरी भाडं हिशेबात धरलं की मोल उगाच फुगतं. परतही यायचंच असेल तर जाऊन-येऊन भाड्याचा अर्धा धरा. दुसरं, अटी सारख्या हव्यात. अवॉर्ड तिकिटात सामान धरलेलं असेल आणि स्वस्त रोख तिकिटात नसेल, तर सामानाचं शुल्क रोख भाड्यात मिळवा. अवॉर्ड तिकीट थोडक्या शुल्कात रद्द होत असेल तर तीही सोय आहे, पण प्रवास पक्का असेल तर तिला फार किंमत देऊ नका.

आता सरचार्ज. तिकिटावरच्या करांच्या यादीत वायक्यू किंवा वायआर या खुणेची रक्कम दिसली, तर तो सरकारी कर नाही. एअरलाइननं स्वतः लावलेला आकार आहे. कधीकधी तो अवॉर्ड तिकिटावर भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. गंमत अशी की त्याच विमानातली तीच सीट दुसऱ्या भागीदार योजनेतून (म्हणजे त्या एअरलाइनच्या सीट्स आपल्या पॉइंट्सवर देणाऱ्या दुसऱ्या एअरलाइनच्या योजनेतून) घेतली तर हा आकार लागत नाही, असंही होतं. एअर कॅनडाच्या एरोप्लाननं नोव्हेंबर 2020 पासून अवॉर्ड तिकिटांवरचा एअरलाइन सरचार्ज बंद केला आणि भागीदारांच्या तिकिटांवर एक ठरावीक शुल्क ठेवलं. म्हणून मोठा प्रवास ठरवताना एकाच योजनेच्या साइटवर थांबू नका. ज्या एअरलाइननं उडणार आहात तिच्या किमान दोन भागीदार योजनांत तेच तिकीट शोधा. सरकारी कर मात्र कुठूनही गेलात तरी लागतात. ब्रिटनहून निघताना लागणारा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर वरच्या वर्गांना जास्त असतो.

4. थांबण्याची किंमत

आज 1.15 मिळतंय. दोन वर्षं थांबलं तर किती मिळायला हवं? यासाठी दरवर्षी पॉइंटचं मोल किती घसरेल याचा एक अंदाज धरावा लागतो. इथं 12 टक्के धरू. हा कुठल्या पाहणीतला आकडा नाही, सावधपणानं धरलेलं गृहीतक आहे. तुम्ही तुमचा धरा. वर्षाअखेर 0.88 उरतात, दोन वर्षांनी 0.88 गुणिले 0.88, म्हणजे साधारण 0.77. मग 1.15 ला 0.77 नी भागा: जवळपास 1.49. म्हणजे दोन वर्षांनंतरचं तिकीट आजच्या दरानं मोजलं असता दीडच्या आसपास देत असेल, तर थांबणं फक्त बरोबरीला येतं. एका वर्षासाठी हाच आकडा 1.31 आहे.

एवढ्यावर भागत नाही. स्वप्नातली सीट मिळेलच कशावरून? समजा ती मिळाली तर मोल 2.0, आणि न मिळाल्यास पॉइंट्स कुठल्या तरी साध्या तिकिटावर 1.0 नं जातील. मिळण्याची शक्यता निम्मी धरली तर सरासरी 1.5. दोन वर्षांच्या बरोबरीला लागणारा आकडा 1.49. इतकी वाट पाहून, इतकी जोखीम घेऊन, नफा काही नाही. चार जणांना एकाच विमानात बिझनेस क्लासच्या चार अवॉर्ड सीट्स हव्या असतील तर शक्यता निम्मी धरणंही उदारपणाचं आहे. एअरलाइन्स एका फेरीला अशा एक-दोनच सीट्स खुल्या करतात, असं फार वेळा दिसतं.

घसरणीचा दर सगळ्यांना सारखा लावू नका. कार्डाच्या ज्या बँक पॉइंट्सना आठ-दहा एअरलाइन्सच्या वाटा खुल्या आहेत, त्यांना 6 ते 8 टक्के पुरे. एका योजनेचा दर बिघडला तरी दुसरी असते. एकाच एअरलाइनच्या माइल्सना 12, आणि ती एअरलाइन आर्थिक अडचणीत असेल किंवा तिच्या विलीनीकरणाची चर्चा असेल तर 25 धरा. मग आकडेच तुम्हाला सांगतील की आज खर्च करा.

5. मधला मार्ग: पॉइंट्सचं तिकीट करून ठेवणं

साठवणं आणि खर्चणं यांच्या मधे एक तिसरी वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. अवॉर्ड तिकीट थोडक्या शुल्कात किंवा फुकट रद्द करता येत असेल, तर पुढच्या प्रवासाचं तिकीट आजच काढून ठेवा. दर वाढले तरी काढलेलं तिकीट साधारणपणे जुन्याच दरावर राहतं. बेत बदलला तर पॉइंट्स परत येतात. हे पॉइंट्स नुसते खात्यात ठेवण्यापेक्षा बरं, कारण दरवाढीचा फटका टळतो.

यासाठी वेळ साधावी लागते. बहुतेक एअरलाइन्स आपलं वेळापत्रक प्रवासाच्या 330 ते 360 दिवस आधी विक्रीला उघडतात. ब्रिटिश एअरवेज 355 दिवस आधी. भागीदार योजनांना त्याच सीट्स काही दिवस उशिरा दिसतात, तेवढ्यात त्या गेलेल्याही असतात. म्हणून सुट्टीच्या हंगामासाठी अकरा महिने आधीची तारीख कॅलेंडरमध्ये लावून ठेवा. जाण्याची तारीख आधी उघडते आणि परतीची नंतर. दोन्ही एकदम मिळण्याची वाट पाहू नका, जाण्याचं एकेरी काढा आणि परतीचं त्याची खिडकी उघडल्यावर. फक्त योजना एकेरी अवॉर्डला अर्धेच पॉइंट्स घेते ना, हे पाहून घ्या.

दुसरी खिडकी अगदी शेवटी उघडते. प्रवासाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत न विकल्या गेलेल्या सीट्स अवॉर्डला सोडल्या जातात, विशेषतः वरच्या वर्गांत. आधी इकॉनॉमी काढून ठेवायची आणि शेवटी बिझनेस दिसली तर बदल करायचा, ही चांगली रीत आहे. मात्र तीन अटी आधी वाचा: रद्द करण्याचं शुल्क किती, ते किती तास आधीपर्यंत चालतं, आणि जाण्याचा टप्पा उडून झाल्यावर परतीचा टप्पा रद्द करता येतो का. आणखी एक: तिकीट काढल्यानंतर दर वाढले आणि तुम्ही तारीख बदललीत, तर बदल नव्या दरानं होतो. जुना दर फक्त न बदललेल्या तिकिटाला.

6. बँक पॉइंट्स शेवटपर्यंत हलवू नका

बँकेतून एअरलाइनकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. त्यामुळे क्रम पक्का ठेवा. आधी एअरलाइनच्या योजनेत खातं उघडा, नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळेल असं. आडनाव-नावाची उलटापालट झाली तरी ट्रान्सफर अडकतो. मग सीट शोधा. ती भागीदार एअरलाइनची असेल तर दुसऱ्या एखाद्या योजनेच्या साइटवरही दिसते का पाहा. एकाच साइटवर दिसणारी सीट कधीकधी भुताटकी असते: यादीत आहे, पण पैसे भरायच्या पायरीला चूक दाखवते. पॉइंट्स न भरता शेवटच्या पानापर्यंत जाता येत असेल तर जाऊन पाहा, नाहीतर कॉल सेंटरला विचारा. मग ट्रान्सफर, आणि तोही नेमका लागेल तेवढाच.

काही ट्रान्सफर मिनिटांत होतात, काहींना तीन-चार दिवस लागतात. तेवढ्या काळात सीट गेली तर पॉइंट्स भलत्याच योजनेत अडकतात. हळू चालणाऱ्या जोडीसाठी आधी पाहून ठेवा की एअरलाइन सीट राखून ठेवू देते का. काही देतात, एक-दोन दिवसांसाठी.

ट्रान्सफर बोनसची घोषणा आली की मोह होतो. 25 टक्के बोनस म्हणजे तिकीट पाचव्या हिश्शानं स्वस्त, हे खरं. पण तिकीट डोळ्यांसमोर नसेल तर बोनस घेऊन तुम्ही 7 टक्के घसरणारी वस्तू देऊन 12 टक्के घसरणारी वस्तू घेतली. येत्या सहा महिन्यांत वापरणार असाल, तरच घ्या.

7. साठवण्याची मान्य कारणं

कारणं मोजकीच आहेत. एक, ठरलेला प्रवास आणि ठरलेला आकडा: कुठे, साधारण कधी, किती जण, किती पॉइंट्स, आज किती कमी पडताहेत, आणि तेवढे जमायला किती महिने. ही संख्या अठरा महिन्यांच्या पुढे जात असेल तर लक्ष्य लहान करा, किंवा उरलेला तुटवडा विकत घेऊन भरता येतो का ते पाहा. एअरलाइन्स अधूनमधून बोनस देऊन माइल्स विकतात. ती विक्री फक्त सीट समोर असताना, शेवटचे काही हजार भरून काढायला वापरा. एका माइलचा खरेदीदर तुम्ही काढलेल्या मोलापेक्षा कमी असला पाहिजे, एवढीच कसोटी.

दोन, अडीअडचणीचा साठा. आईवडील किंवा मुलं दूरदेशी असतील, आणि कधी एका दिवसात निघावं लागेल अशी शक्यता असेल, तर तक्त्याच्या योजनेत एका माणसाच्या जाऊन-येऊन इकॉनॉमी तिकिटाएवढे पॉइंट्स ठेवून द्या. ऐनवेळी रोख भाडं कितीतरी पटींनी चढतं, तक्ता जागेवर राहतो. पण भाड्याशी बांधलेल्या योजनेत हा युक्तिवाद चालत नाही. तिथं ऐनवेळी पॉइंट्सही तेवढेच जास्त लागतात, मग साठा रोखीचाच बरा.

तीन, आज पाहिलेल्या सगळ्या वापरांचं मोल पडेल असणं, आणि वर्षभरात चांगला वापर नक्की दिसत असणं.

‘आणखी थोडे जमू देत’ हे कारण नव्हे.

8. कमी मोलाचे वापर ओळखणं

वस्तूंचे कॅटलॉग, गिफ्ट व्हाउचर, विमानातली खरेदी: यांचं मोल जवळजवळ नेहमीच तिकिटापेक्षा कमी भरतं. तरी महिन्याभरात एक्स्पायर होणारे 3,000 पॉइंट्स व्हाउचरमध्ये घालणं चूक नाही. शून्यापेक्षा ते बरंच.

पॉइंट्स आणि पैसे मिळून भरण्याचा पर्याय जरा बारकाईनं पाहा. समजा एकच तिकीट दोन प्रकारे मिळतंय: 20,000 पॉइंट्स आणि 1,000 रोख, किंवा 12,000 पॉइंट्स आणि 9,000 रोख. दुसऱ्यात 8,000 पॉइंट्स वाचतात आणि 8,000 रक्कम जास्त जाते, म्हणजे तुम्ही एक पॉइंट 1.0 ला विकत घेतलात. तुमच्या हिशेबानं मोल 1.15 असेल तर हा सौदा घ्या. तीच जादा रक्कम 11,000 असती तर पॉइंट 1.38 ला पडला असता. मग पूर्ण पॉइंट्स भरा. प्रत्येक पायरीला हा भागाकार वेगळा येतो.

अपग्रेडसाठी पॉइंट्स वापरताना मूळ तिकिटाचा फेअर क्लास, म्हणजे भाड्याचा गट, पाहा. सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटं सहसा अपग्रेडला पात्र नसतात, आणि पात्र व्हायला जे महाग तिकीट घ्यावं लागतं त्याचा फरकही अपग्रेडच्या किमतीत धरायचा असतो. शिवाय अपग्रेड बरेचदा प्रतीक्षायादीवर मिळतं. स्टेटस, म्हणजे वारंवार उडणाऱ्याला योजनेत मिळणारा दर्जा, टिकवायला थोडेच टप्पे कमी पडत असतील तर त्या वर्षाअखेरीला रोख तिकीटच घ्या. बहुतेक योजनांत अवॉर्ड प्रवास स्टेटसला मोजला जात नाही.

9. एअरलाइनच डळमळली तर

सप्टेंबर 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाची ॲन्सेट कोसळली आणि तिचे पॉइंट्सही बुडाले. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हाही तेच. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यानं खाती इंटरमाइल्स या नावानं चालू राहिली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले होते ती विमानं राहिली नाहीत. वेगळी कंपनी म्हणजे सुरक्षित, असंही नाही: 2017 मध्ये एअर बर्लिनपाठोपाठ तिची टॉपबोनस योजनाही दिवाळखोरीत गेली. विलीनीकरण यापेक्षा सौम्य असतं. अलास्कानं व्हर्जिन अमेरिका घेतली तेव्हा तिच्या एका पॉइंटला 1.3 माइल्स मिळाले.

भाड्यानं घेतलेली विमानं परत जाताहेत, पगार थकलेत, भागीदारांनी अवॉर्ड बुकिंग थांबवलंय, अशा बातम्या दिसू लागल्या की मोलाचा हिशेब बाजूला ठेवा. भागीदार एअरलाइनच्या विमानातलं, जवळच्या तारखेचं तिकीट काढा. दूरच्या तारखेचं काढलंत तर मधल्या काळात ती एअरलाइन कोसळल्यावर भागीदार तुम्हाला विमानात घेईलच याची खात्री नाही.

10. तिकीट काढल्यावर

पुष्टीच्या ईमेलमध्ये बुकिंग क्रमांकाबरोबर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक आला आहे का ते पाहा. भागीदार एअरलाइनच्या अवॉर्डमध्ये पॉइंट्स कापले जातात, बुकिंग तयार होतं, पण तिकीट निघतच नाही, असे प्रकार होतात. दोन दिवसांत क्रमांक आला नाही तर फोन करा. विमान ज्या एअरलाइनचं आहे तिचा स्वतःचा बुकिंग क्रमांकही मागून घ्या आणि तिच्या साइटवर सीट दिसते का तपासा.

त्यानंतर महिन्यातून एकदा वेळापत्रक पाहत राहा. एअरलाइननं वेळ बऱ्यापैकी बदलली तर अवॉर्ड तिकीट बिनशुल्क रद्द करता येतं किंवा दुसऱ्या फेरीवर हलवून मिळतं, आणि त्या दुसऱ्या फेरीवर अवॉर्ड सीट खुली नसली तरी पुष्कळदा ते करून देतात. हा बदल साइटवर ‘स्वीकारा’ असं बटण दाबण्याआधी मागा. एकदा स्वीकारलं की हक्क सांगणं अवघड जातं. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमात पॉइंट्सवर काढलेली तिकिटं स्पष्टपणे धरलेली आहेत. त्यामुळे तो नियम लागू असलेल्या प्रवासात उशीर झाला किंवा विमान रद्द झालं, तर अवॉर्ड प्रवाशालाही रोख तिकिटवाल्यासारखीच भरपाई मागता येते. काउंटरवर ‘हे फुकटचं तिकीट आहे’ असं उत्तर मिळालं तर हा क्रमांक सांगा आणि दावा लेखी करा.